देवबाग ते निवती: डॉल्फिन पाहायला समुद्रात जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

मालवण तालुक्यातील देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र असलेली जमिनीची निमुळती पट्टी आहे. तिच्या टोकाशी जिथे नदी समुद्राला मिळते, त्या संगमातून हंगामात रोज सकाळी पर्यटकांच्या होड्या बाहेर पडतात आणि भोगव्याच्या किनाऱ्यासमोरून निवतीच्या दिशेने जातात. या प्रवासात डॉल्फिन दिसण्याची शक्यता चांगली असते. तरीही परत आलेल्यांपैकी बरेच जण ‘एकदा पाठ दिसली’ एवढेच सांगतात आणि काही थोडे जण अर्धा तास शेजारी बसून पाहिल्यासारखे वर्णन करतात. हा फरक नशिबाचा फार थोडा असतो. होडी थांबली होती की धावत होती, यावर तो बहुतांशी ठरतो.

मला हे उशिरा कळले. पहिल्या सफरीत आमच्यासह पाच होड्या एकाच कळपामागे लागल्या होत्या. पाठीवरचा पर दिसला की सर्व इंजिने एकदम वाढत आणि त्या जागी पोहोचेपर्यंत पाणी रिकामे झालेले असे. वीस मिनिटांत एक शेपटी दिसली आणि सफर संपली. पुढे दोन वर्षांनी आम्ही एका वयस्क तांडेलाबरोबर, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्याबरोबर गेलो, तेव्हा त्यांनी भोगव्यासमोर होडी आणून इंजिन बंद केले आणि एवढेच म्हणाले, “जरा गप रवा. आवाज येतलो.” चार-पाच मिनिटे फक्त होडीच्या कडेला लागणाऱ्या पाण्याचा चळाक-चळाक आवाज होता. मग पाठीमागून, लोहाराचा भाता एकदाच दाबून सोडावा तसा, एक फुसकारा आला. सगळे वळले. दोन मोठे आणि त्यांच्यामध्ये एक लहान, असे तीन डॉल्फिन आमच्याकडे न पाहता, आपल्या चालीने नदीच्या मुखाकडे निघाले होते. पुढील सर्व सूचना त्या सकाळीतून आणि नंतरच्या अनेक सकाळींतून आलेल्या आहेत.

नेमके काय दिसणार आहे

दूरदर्शनवर पाहिलेले, पाण्याबाहेर गिरक्या घेणारे डॉल्फिन मनात ठेवून गेल्यास निराशा पदरी येते. कोकणच्या किनाऱ्यालगत जो दिसतो, तो प्रामुख्याने हिंद महासागरी कुबड्या डॉल्फिन होय. दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या उथळ किनारी पाण्यात तो राहतो, साधारणपणे पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीत आणि विशेषतः खाड्यांच्या व नद्यांच्या मुखांजवळ. लांबी अडीच मीटरच्या आसपास, रंग शिशासारखा करडा, आणि पाठीच्या मध्यभागी एक लांबट उंचवटा असून त्यावर लहानसा पर, ही त्याची खूण. पूर्वी तो पूर्वेकडील कुबड्या डॉल्फिनांबरोबर एकच मानला जाई. २०१४ मध्ये त्यांचे वेगवेगळ्या जातींत वर्गीकरण झाले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा ‘संकटग्रस्त’ आहे. माणसे जिथे मासेमारी करतात, जेट्या बांधतात आणि सांडपाणी सोडतात, नेमका तोच त्याचा प्रदेश असल्यामुळे ही वेळ त्याच्यावर आली आहे.

त्याची वर येण्याची पद्धत एकदा ओळखता आली की पुढे चूक होत नाही. आधी लांब चोच तिरकी पाण्याबाहेर येते, मग डोके, मग कमान झालेली पाठ आणि तिच्यावरचा पर, आणि खोल बुडी मारायची असेल तर शेवटी शेपटी. हे सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते. त्यानंतर बहुधा मिनिटभर, कधी काही मिनिटे, तो पाण्याखाली असतो. हा डॉल्फिन सहसा होडीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकासमोर, खेळायला येत नाही, उलट होड्यांपासून अंतर राखतो. उडी मारतो, पण क्वचित, आणि तुमच्या सोयीने नव्हे.

याच पाण्यात शिंशुकाची एक परविरहित जातही आहे. तो दीड मीटरच्या आसपास, काळपट करडा, पाठीवर पर नसलेला आणि कमालीचा लाजाळू प्राणी आहे. गुळगुळीत काळा गोळा क्षणभर फिरल्यासारखा दिसला आणि पुन्हा दिसला नाही, तर तो शिंशुक असण्याची शक्यता आहे. समुद्र आरशासारखा असल्याखेरीज तो नजरेस पडत नाही.

देवमाशाबद्दल स्पष्टच लिहायला हवे, कारण ‘व्हेल दाखवतो’ असे सांगून जास्त पैसे मागितले जातात. महाराष्ट्राच्या समुद्रात देवमासे आहेत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गातील कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा दिसला होता. बारा-चौदा मीटर लांबीचा ब्राइड्स देवमासाही उष्ण कटिबंधातच राहतो आणि इकडे अधूनमधून नोंदला जातो. अरबी समुद्रातील कुबड्या देवमासे तर जगातील इतर कुबड्या देवमाशांसारखे ध्रुवाकडे जातच नाहीत. ओमानच्या किनाऱ्याजवळ २०१७ मध्ये उपग्रह यंत्र लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आली होती आणि पुन्हा परत गेली. परंतु आपल्याकडे उथळ समुद्रतळ किनाऱ्यापासून फार दूरपर्यंत पसरलेला आहे आणि मोठे देवमासे बहुधा त्यापलीकडच्या खोल पाण्यात असतात. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिसा येथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, म्हणून तिथे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात देवमासे पाहण्याच्या नियमित सफरी चालतात. देवमासाच पाहायचा असेल तर तिकडे जावे. देवबागहून दोन तासांच्या होडीत त्याची खात्री कोणी देत असेल, तर त्या खात्रीवर विश्वास ठेवू नये.

दिवस आणि वेळ कशी निवडावी

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत जिल्ह्यातील जलपर्यटन बंद असते आणि त्या काळात कोणी नेण्यास तयार झाले तरी जाऊ नये. सप्टेंबरात पावसाळी लाट पुरती उतरलेली नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. मार्च ते मेमध्येही पहाटे समुद्र शांत असतो, परंतु वारा लवकर चढतो.

वेळ पहाटेचीच हवी, आणि त्याचे कारण शाळेच्या भूगोलात सर्वांनी वाचलेले आहे. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळपर्यंत मंदावलेले असतात, आणि जमीन तापल्यावर समुद्राकडून येणारे खारे वारे अजून सुरू झालेले नसतात. या मधल्या वेळात पाणी सपाट असते. अकरानंतर वारा सुटला की लाटांचे माथे पांढरे होऊ लागतात, आणि त्या पांढऱ्या ठिपक्यांत करड्या पाठीचा प्राणी शोधणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून सूर्योदयानंतर लगेच, साडेसहा-सातच्या सुमारास निघावे.

भरती-ओहोटीचा विचार पर्यटक करत नाहीत, तांडेल मात्र त्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. संगमावर वाळूचे दांडे असतात. ओहोटीचे पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून समुद्राची लाट आली की मुखावर उभ्या, आखूड लाटा तयार होतात आणि होडी आपटते. किनाऱ्यावरचे जुने गणित असे की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, दशमीला साडेसातच्या, आणि हीच वेळ दिवसातून दोनदा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगेची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी आणि ओढही कमी. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर अष्टमी ते दशमी या तिथींना सकाळी बाहेर पडताना मुखावर पुरेसे आणि तुलनेने शांत पाणी मिळते. लहान मुले किंवा वयस्क माणसे सोबत असतील तर मी दिनदर्शिकेत आधी हेच दिवस पाहते. अर्थात हा अंदाज झाला. अचूक वेळ भरतीच्या छापील तक्त्यातून किंवा तांडेलाकडून घ्यावी आणि निघायचे की नाही याचा शेवटचा निर्णय त्याच्याकडेच सोपवावा. ‘आज नको’ असे तो म्हणाला, तर तो अनुभवी आहे असे समजावे.

होडी ठरवताना

होडीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता रंगवलेली आहे का, हे आधी पाहावे. क्षमतेपेक्षा एकही माणूस अधिक असल्यास उतरावे. माणशी एक लाइफ जॅकेट हवे, आणि ते बाकाखाली ढीग करून ठेवलेले नव्हे, तर अंगात घालून, पट्टे आवळून पाहिलेले. जॅकेटचे खांदे धरून कोणीतरी वर ओढावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर सैल आहे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही, म्हणून लहान मापाचे आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

यानंतरची गोष्ट या संपूर्ण लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. होडीत बसण्यापूर्वी, पैसे ठरवतानाच, तांडेलाला शांतपणे सांगावे: “काका, आम्हाला पाठलाग करायचा नाही. लांब थांबून पाहायचे आहे. नाही दिसले तरी तुमचे पैसे पूर्ण देऊ.” हे शेवटचे वाक्य वगळू नये. पर्यटक नाराज होतील, पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातील, या भीतीने होडी डॉल्फिनवर घातली जाते. ती भीती तुम्ही काढून घेतली की तोच माणूस, ज्याने या पाण्यात आयुष्य काढले आहे, तुम्हाला त्याची खरी माहिती देऊ लागतो: तारली मासळी कुठे लागली आहे, काल कळप कुठे होता, कोणत्या बाजूने ऊन डोळ्यांवर येणार नाही. शक्य असल्यास ‘पाच ठिकाणे’ दाखवणारी सफर न घेता केवळ डॉल्फिनसाठी दोन तासांची होडी ठरवावी. पाच ठिकाणांच्या सफरीत डॉल्फिनच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटे येतात आणि त्या घाईतूनच पाठलाग जन्मतो.

सोबत काय घ्यावे, काय खावे

नाडी असलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पाणी, आणि मोबाइलसाठी तोंड बंद होणारी प्लास्टिकची पिशवी एवढे पुरते. दुर्बीण नेणार असाल तर सात किंवा आठपट मोठे दाखवणारी न्यावी, कारण हलत्या होडीत दहापट दुर्बिणीतून काहीच स्थिर दिसत नाही. पोलराइज्ड चष्म्याने पाण्यावरची चकाकी कमी होते आणि त्याचा उपयोग दुर्बिणीपेक्षाही जास्त होतो.

बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि भरपेटही खाऊ नये. एखादे घावन किंवा दोन केळी योग्य. उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी वेळेत घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आलेपाक चघळल्याने अनेकांना बरे वाटते. होडीच्या मध्यभागी, मागच्या बाजूला बसावे, क्षितिजावर नजर ठेवावी आणि मोबाइलच्या पडद्याकडे पाहू नये.

पाण्यावर शोध कसा घ्यावा

होडी संगमाबाहेर पडली की प्रत्येकाने पाहण्याची दिशा वाटून घ्यावी. नाळ म्हणजे घड्याळातले बारा, उजवा हात तीन, पाठ सहा, डावा नऊ. ‘तो बघा, तिकडे!’ याऐवजी ‘दोन वाजता, लांब’ असे सांगितले की सर्वांची मान एकाच दिशेला वळते. मुलांना हे फार लवकर जमते.

पाण्याकडे एकटक पाहत राहू नये. नजर क्षितिजापासून होडीपर्यंत सावकाश, झाडू मारल्यासारखी फिरवावी आणि आधी डॉल्फिन नव्हे, त्याच्या भोवतीच्या खुणा शोधाव्यात. सुरय आणि कुरव हे समुद्रपक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील, तर तिथे लहान माशांचा थवा वर आलेला असतो, आणि त्याच थव्यावर खालून डॉल्फिन असण्याची शक्यता असते. बोय आणि तारली हे मासे त्याचे खाद्य आहेत. सपाट पाण्यात एकाच ठिकाणी खळबळ दिसणे, मासे अचानक उसळणे, नदीचे गढूळ आणि समुद्राचे निळसर पाणी जिथे मिळते ती रेषा, या तीन जागा वारंवार तपासाव्यात. मासेमारीच्या जाळ्यांजवळही डॉल्फिन येतात. मात्र तिथे होडी नेऊ नये. जाळ्याच्या तरंगत्या खुणांपासून दूर राहावे, कारण जाळे पंख्यात अडकले तर नुकसान एका मच्छीमार कुटुंबाचे होते.

दर दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन पूर्ण बंद करायला सांगावे आणि पाच मिनिटे सर्वांनी गप्प बसावे. सुरुवातीला ही पाच मिनिटे फार लांब वाटतात. पण शांत सकाळी तो फुसकारा शंभर मीटरवरूनही ऐकू येतो, आणि डोळ्यांआधी कानांना डॉल्फिन सापडतो.

दिसल्यानंतरची वीस-तीस मिनिटे

पहिला पर दिसताच वेग वाढवण्याची सवय असते. नेमके उलट करावे. कळप साधारण तीनशे मीटरवर असतानाच वेग इतका कमी करावा की होडीमागे लाट उठणार नाही. मग कळप कोणत्या दिशेने चालला आहे, हे दोन-तीन वेळा वर येईपर्यंत पाहावे आणि त्याच्या बाजूने, समांतर, त्याच्याच चालीने जावे. समोरून जाऊन वाट अडवू नये, थेट मागूनही जाऊ नये, आणि कळपाच्या मधून तर कधीच नाही. डॉल्फिनपासून पन्नास मीटर आणि देवमाशापासून शंभर मीटर हे अनेक देशांत पाळले जाणारे किमान अंतर आहे. समुद्रावर अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून क्रिकेटची खेळपट्टी डोळ्यांसमोर आणावी: डॉल्फिनसाठी अडीच खेळपट्ट्या, देवमाशासाठी पाच. त्या अंतरावर इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवावे. पुढे तो स्वतः जवळ आला तर ते त्याचे येणे. तुम्ही हलू नये.

या नियमांमागचे कारण समजले की ते ओझे वाटत नाहीत. गढूळ पाण्यात डॉल्फिन डोळ्यांनी फार थोडे पाहतो. तो टिकटिक असे आवाज काढून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतो आणि आवाजानेच पिलाशी संपर्क ठेवतो. चार-पाच आऊटबोर्ड इंजिने भोवती फिरत असताना त्याची अवस्था, लग्नाच्या बँडसमोर उभे राहून मुलाला हाक मारणाऱ्या आईसारखी होते. शिकार सुटते, आणि पिलू तर दूध पिण्यासाठी आणि श्वास घेण्यासाठी सतत आईच्या कुशीलगत असावे लागते. मादीला साधारण तीन वर्षांतून एकदाच पिलू होते, त्यामुळे प्रत्येक पिलाचे जगणे त्या लहान कळपासाठी मोलाचे असते. कळपात पिलू दिसल्यास अंतर दुप्पट करावे आणि पाच-दहा मिनिटांत निघावे.

ते अस्वस्थ असल्याच्या खुणा ओळखता येतात. आधी मिनिटभराने वर येणारा प्राणी तीन-चार मिनिटे खाली राहू लागतो, दर वेळी दिशा बदलून उगवतो, विखुरलेला कळप एकदम घट्ट होतो, किंवा शेपटी पाण्यावर आपटली जाते. यांपैकी काहीही दिसले तर तांडेलाला सांगून होडी सावकाश दूर न्यावी. जवळ आधीच दोन होड्या असतील तर तिसरी आपली नसावी. लांब थांबून आपली पाळी येऊ द्यावी किंवा दुसरीकडे शोधावे. सर्व ठीक असले तरी अर्ध्या तासापेक्षा अधिक थांबू नये, कारण आपल्यानंतरही होड्या येणार असतात आणि त्या प्राण्याची सकाळ एवढीच असते.

शिट्ट्या, टाळ्या, पाण्यावर हात आपटणे, खाऊ टाकणे, पाण्यात उतरणे, यांपैकी काहीही करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार डॉल्फिन आणि देवमासे संरक्षित आहेत, आणि त्या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे व आमिष दाखवणे यांचाही समावेश आहे. शेजारची होडी पाठलाग करत असेल तर भर समुद्रात भांडू नये. आपल्या तांडेलाला त्याच किनाऱ्यावर रोज राहायचे असते. होडीचा क्रमांक टिपून, परतल्यावर वन विभागाला कळवावे.

छायाचित्रासाठी एवढेच सांगते की कॅमेऱ्याच्या शटरचा वेग एक हजारांश सेकंद किंवा त्याहून कमी वेळाचा ठेवावा, आणि डॉल्फिन जिथे बुडाला तिथे नव्हे, तर त्याच्या चालीच्या दिशेने थोडे पुढे कॅमेरा रोखावा. पहिली पाच मिनिटे मात्र कॅमेरा न काढता पाहावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

किनाऱ्यावर प्राणी लागलेला आढळल्यास

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिलू लागले होते, आणि त्याआधी जून २०१५ मध्ये रेवदंड्याला जिवंत निळा देवमासा वाळूवर अडकून मेला. अशा वेळी गर्दी होते आणि मदतीच्या इच्छेनेच इजा होते. प्राणी जिवंत असेल तर त्याला शेपटी किंवा परांनी ओढू नये, कारण सांधे निखळतात. ओले कापड अंगावर पसरून त्वचा ओली ठेवावी, सावली करावी, आणि डोक्यावरील श्वासछिद्रावर कापड किंवा पाणी पडू देऊ नये. लोकांना आणि कुत्र्यांना दूर ठेवून राज्याच्या वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. समुद्रात माणसावर संकट आल्यास तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये साठवून ठेवावेत.

जाळ्यात अडकलेल्या प्राण्याची गोष्ट वेगळी आहे. जाळे कापून संरक्षित सागरी प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमारांना राज्य शासन डिसेंबर २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. गप्पांच्या ओघात तांडेलाकडे हा विषय काढावा. त्याने किंवा त्याच्या भावाने असे कधी केले असेल, तर तो ते अभिमानाने सांगतो, आणि भरपाईची माहिती नसेल तर ती त्याच्या कामी येते.

नोंद

जेटीवर उतरल्यावर, घाम पुसण्याआधी, वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख व वेळ, जागा (मोबाइलवरील अक्षांश-रेखांशासह), मोठे किती आणि पिले किती, ते काय करत होते, आणि भोवती किती होड्या होत्या. पाठीवरच्या पराचे बाजूने घेतलेले स्पष्ट छायाचित्र असेल तर ते जपून ठेवावे. त्याच्या कडेवरील खाचा आणि डाग प्रत्येक डॉल्फिनचे वेगळे असतात आणि संशोधक त्यांवरूनच एकेक प्राणी ओळखतात. माझ्या वहीत वरच्या टोकाला दोन खाचा असलेला एक पर तीन हिवाळ्यांत चार वेळा आला आहे, दर वेळी संगमाच्या एक-दोन किलोमीटरच्या आत. तिसऱ्या हिवाळ्यात त्याच्या शेजारी एक फिकट करडे पिलू होते.